जित्यांची गणती

"मेल्याली मोजतीस बाई, मोज. पर जित्ती कुनी मोजायची?"

बयाबाई हे म्हणाली तेव्हा तिनं मान वरसुद्धा केली नव्हती. आपल्या झोपडीच्या दारात बसून ती हिरडे फोडत होती, दगडावर दगड, एका लयीत. समोर अरुंधती उभी. कडेवर सात महिन्यांची नीरजा, काखेत कागदांचं भेंडोळं, आणि वैशाखातल्या उन्हानं डोळ्यांपुढं आलेली अंधारी. तिला वाटलं, म्हातारीला प्रश्न झोंबला. गावची सुईण ती, पोरं किती दगावली म्हणून विचारल्यावर झोंबणारच. अरुंधती समजुतीनं हसली.

"जिवंत आहेत ती दिसतातच की बयामावशी, उकिरड्यावर खेळताना. ती कशाला मोजायची?"

"बरं," बयाबाई म्हणाली आणि पुढचा हिरडा दगडावर ठेवला.

कार्ल्याच्या डोंगराखाली, मळवली स्टेशनापासून कोसभर आत हे गाव. अरुंधतीचा नवरा गंगाधर तिथल्या शाळेवर मास्तर. बिऱ्हाड धोंडाबाईच्या घरात, माजघराला लागून असलेल्या एका खोलीत. मधली भिंत कुडाची, त्यामुळं पलीकडचं खोकणंही आपलंच वाटावं असं. पुण्यात कॉलेजात शिकून बी. ए. झालेली बाई या खोलीत चुलीपुढं बसून फुंकणीनं जाळ करायची, तेव्हा धोंडाबाई उंबऱ्यातून बघत राहायची. "मास्तरीणबाई, इंग्रजी वाचल्यानं लाकूड पेटतं व्हय? त्याला वाळकी काटकी लागती." आणि स्वतःच वाळकी काटकी आणून द्यायची.

पुण्याच्या एका मंडळानं त्या वर्षी खेड्यातल्या बालमृत्यूंची पाहणी काढली होती. अरुंधतीच्या जुन्या प्राध्यापकांनी तिचं नाव सुचवलं. छापील तक्ते आले. मयत मुलाचे नाव, वय, महिना, बाळंतपण कोणी केले, पाणी कुठले, घरास खिडकी आहे काय. गाव आणि भोवतालच्या तीन वाड्या, गेल्या पाच वर्षांतली महिन्याच्या आत गेलेली मुलं.

तिनं हे काम घेतलं ते हौसेनं नव्हे. नीरजा झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. एकदा बघून भागायचं नाही. आणि कुडाच्या पलीकडं धोंडाबाईची सून होती, सरू. सरूची दोन मुलं पाठोपाठ गेली होती, दोन्ही आठव्या दिवशी. दात न आलेल्या तोंडाची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं वाकलं, दूध ओठांवरून ओघळून गेलं. सटवाईनं नेलं, म्हणाले सगळे. आता सरूला पुन्हा सहावा लागला होता, आणि ती पोटावर हात न ठेवता चालायची. जणू पोट तिचं नव्हतंच, कुणी ठेवायला दिलेलं गाठोडं होतं.

तक्ते भरले. मेलेली चोवीस निघाली. त्यांतली अठरा बयाबाईच्या हातची.

अरुंधतीनं तो आकडा दोनदा तपासला. मग निवेदनात लिहिलं: 'दगावलेल्या दर चार अर्भकांत तिघांचे बाळंतपण एकाच अशिक्षित सुईणीने केलेले आढळते.' वाक्य नेटकं उतरलं. तिला तेव्हा बरं वाटलं होतं, हे ती पुढं कधी विसरली नाही.

ज्येष्ठात दवंडी पिटली. मंडळानं वर लिहिलं, वरून पाटलाला आलं. बयाबाईनं यापुढं कुणाचं बाळंतपण करू नये. अडलं-नडलं तर लोणावळ्याहून नर्स येईल.

रखमाजी पाटलानं बयाबाईला चावडीवर बोलावलं आणि तिचा विळा मागितला. नाळ कापायचा विळा, बोटभर रुंदीचा, झिजून चंद्रकोरीसारखा झालेला. ती तो गवताला लावायची नाही, भाजीला लावायची नाही. फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचलेला असायचा.

"रखमाजी," ती म्हणाली, "तुजी नाळ ह्याच इळ्यानं तोडलीया. तुज्या आईला इचार वर जाऊन."

चावडीवरचे हसले. पाटील हसला नाही. "तवाचं तवा, बयामावशी. आता कागद आलाय." आणि त्यानं विळा चावडीच्या खुंटीला टांगला, हरवलेल्या गुरांच्या दाव्यांशेजारी.

दारात उभी असलेली अरुंधती हे बघत होती. बयाबाई तिच्या अंगावरून गेली. ओळख असल्यासारखं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं.

पाऊस लागला तो लागलाच. डोंगर दिसेनासा झाला. खाचरं भरली. धोंडाबाईचा मुलगा भिमाजी पहाटेपासून चिखलणीला, बैलांच्या पोटापर्यंत चिखल. सरू आणि धोंडाबाई राबातली रोपं उपटून मुठी बांधायच्या. राब म्हणजे रोपाची जागा. उन्हाळ्यात तिथं शेण, पाला, फांद्या, वर माती असे थर देऊन भाजतात, आणि त्या भाजल्या मातीत भात असं तरारून येतं की बघत राहावं. धोंडाबाई त्या राबाची पहिली राख गाडग्यात भरून माळ्यावर ठेवायची. दर वर्षी. कशाला, ते अरुंधतीनं विचारलं नव्हतं. या लोकांच्या शंभर गोष्टी, कुठली कुठली विचारायची?

लावणीला बायका कमी पडत होत्या, तरी बयाबाईला कुणी बोलावलं नाही. अरुंधतीनं धोंडाबाईला हटकलं.

"मावशी, बयाबाई रिकामी बसलीय. तिला का नाही घेत?"

"तिचा हात रोपाला लावू?" धोंडाबाईनं तिच्याकडं असं बघितलं जसं चुलीत पाणी ओतणाऱ्या माणसाकडं बघावं. "तुमीच लिवलंय न्हवं, हात वाईट म्हनून?"

"मी तसं नाही लिहिलं."

"मग कसं लिवलंय?"

अरुंधती नीरजेला घेऊन आत गेली.

चार दिवसांनी अंबी दारात आली. डोंगराच्या कडेला कातकऱ्यांच्या झोपड्या होत्या, तिथली ही. पाटीत खेकडे, मागं पाच पोरं, पाचही उघडी, पाचही पावसात भिजून चकाकणारी. खेकड्यांच्या बदल्यात तिला तांदळाच्या कण्या हव्या होत्या. अरुंधती कण्या मोजत होती आणि तिची नजर पोरांवर होती. हडकुळी, पोटं पुढं आलेली, पण पाच. गावातल्या सगळ्यांत गरीब झोपडीतली पाच.

"किती गेली गं तुझी?"

"जायाला काय झालं? पाच झाली, पाच हायती."

"बाळंतपण कुणी केलं?"

"बयानं. दुसरं कोन येतंय आमच्याकडं?"

"मग मी आले होते तेव्हा सांगितलं का नाहीस?"

अंबी हसली. हसताना तिनं तोंडावर पदर घेतला. "तुमी कुटं आलता आमच्या झोपडीत? वाटंवर हुबं राहून इचारलंत, मेलंय का कुनी? आमी म्हनलं, न्हाई. तुमी ग्येलात."

कण्यांचं माप अरुंधतीच्या हातात तसंच राहिलं. खाली अंगणात धाकटं पोर खेकड्याच्या नांगीला काडी लावत होतं, आणि खेकडा ती धरत होता.

जित्ती कुनी मोजायची?

जेवताना तिनं गंगाधरला सांगितलं. त्यानं घास थांबवला. तो बोलायला सावकाश माणूस. "म्हणजे तू छेदात मेलेली घेतलीस. घ्यायला हवी होती बयाबाईच्या हातची सगळी. छेद बदलला की अपूर्णांक बदलतो. हे मी चौथीला शिकवतो, अगं." आणि तिचा चेहरा बघून हळूच म्हणाला, "पुन्हा मोज. मी नीरजेला शाळेत नेतो, पोरं सांभाळतील."

नीरजा तिनं दिली नाही. पोटाशी बांधली, वर पानांचं इरलं घेतलं आणि निघाली. सगळा गाव खाचरात होता, म्हणून तीही बांधाबांधानं हिंडली. वाकलेल्या बायका वर न बघता उत्तरं द्यायच्या, हात चालूच. किती झाली? किती हायती? कुणाच्या हातची? आता ती आणखीही एक विचारत होती. दातखीळ ओल्या नाळेच्या जखमेतून शिरते, हे तिनं वाचलं होतं; मग बयाच्याच हातची अंबीची पाचही कशी वाचली? बेंबीला काय लावलं?

"खोबरेल आन हळद."

"राख. राबाची."

"राबाची राख?"

"आवं, राबात रोप कसं उठतं? तसं पोर उठावं. तिसऱ्या दिशी सासूनं लावायची. ज्येला खाचर हाय त्येच्याकडं. बिनखाचराच्यानं कुटनं आनावी?"

एक म्हातारी मध्येच ओरडली, "मास्तरीणबाई, पोर भिजतंय तुमचं!" आणि सगळ्या बायका हसल्या. त्या हसण्यात अरुंधतीला आपण किती विचित्र दिसत असू ते दिसलं. गुडघ्यापर्यंत चिखल, पोटाशी पोर, इरल्याखाली वही, आणि बेंबीची चौकशी.

अकरा दिवसांत कागद सर्दावून लगदा झाले, शाई पसरली. आकडे वाचता येईनात म्हणून तिनं धोंडाबाईकडून चिंचोके मागितले. अख्खे चिंचोके फोडून दोन दळं केली, एका अंगानं काळी, एका अंगानं पांढरी. ओटीवर दोन सुपं मांडली. बाहेर पाऊस असा की पागोळ्यांची भिंतच. सरू पाय लांब करून भिंतीला टेकली होती, पावलं सुजून पुरीसारखी झालेली. धोंडाबाई सुंभ वळत बसली होती.

"एक दळ म्हणजे एक मूल," अरुंधती म्हणाली. "काळी बाजू वर ते जिवंत. पांढरी वर ते गेलेलं. या सुपात बयाबाईच्या हातची. त्या सुपात दुसऱ्या कुणाच्या."

तिनं एकेक घर आठवून लावायला घेतलं. सरू हळूहळू पुढं सरकली आणि तीही लावू लागली. "ही भागीची थोरली. ही भागीची दुसरी. ह्यो कोंडीचा, त्यो ग्येला." दोनशे दळं झाली. बयाबाईच्या सुपात एकशे साठ, दुसऱ्यात चाळीस.

"आधी मी काय केलं," अरुंधती म्हणाली, "सगळी पांढरी एका मुठीत घेतली आणि विचारलं, यातली बयाबाईची किती? चोवीसांत अठरा."

"मग बराबर हाय की," धोंडाबाई सुंभावरून नजर न काढता म्हणाली.

"पण बयाबाईच्या सुपात बाळंतपणंच एवढी आहेत. तिची पांढरीही जास्तच दिसणार."

सरू एकदम हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आत्याबाई, घरातल्या करपलेल्या भाकऱ्या मोजल्या तर समद्या तुमच्याच निगतील. भाकऱ्या भाजताच तुमी!"

"माजी भाकर करपती व्हय गं?"

"कदी मदी."

"तोंड बग हिचं. माझ्या घरात बसून!" पण धोंडाबाईही सुंभ खाली ठेवून सुपाकडं बघायला लागली होती.

"म्हणून आता सूपसूप वेगळं विचारायचं," अरुंधती म्हणाली. "बयाबाईच्या एकशे साठांत गेली किती? अठरा. शंभरात अकरा धरा. दुसऱ्या सुपात चाळीसांत सहा. शंभरात पंधरा."

"म्हंजी बयाकडं कमीच जात्यात," सरू म्हणाली.

"कमीच."

पागोळ्या ओतत होत्या. आणि इथंच थांबायला हवं होतं, असं अरुंधतीला पुढं अनेकदा वाटलं. पण ती थांबली नाही. तिला दिसलेलं दुसरंही होतं, आणि सरूचे दिवस भरत आले होते.

"आता दुसऱ्या तऱ्हेनं लावू. या सुपात राबाची राख लावलेली. त्या सुपात न लावलेली."

पुन्हा एकेक दळ उचललं, ठेवलं. यावेळी सरू एकटीच बोलत होती, आणि तिचा आवाज बारीक होत गेला. राखेच्या सुपात चाळीस जमली. त्यांत पांढरी सोळा. दुसऱ्या सुपात एकशे साठ, आणि पांढरी आठ.

शंभरात चाळीस. शंभरात पाच. हे आकडे अरुंधतीनं उच्चारले नाहीत. सूपच ओरडून सांगत होतं.

सरूनं राखेच्या सुपातली दोन पांढरी दळं उचलली आणि तळहातावर ठेवली.

"ही माजी दोन," ती म्हणाली.

धोंडाबाई उठली. उठताना तिच्या गुडघ्यांचा आवाज झाला. "म्या मारली व्हय? माझी नातवंडं म्या मारली?"

"मावशी, मी असं नाही म्हणत. कुणालाच माहीत नव्हतं—"

"मग कसं म्हनतीस? सांग की. ह्या हातानं लावलीया राख. दोगास्नी. देवाचं नाव घेऊन लावलीया. आमच्या सासूनं लावली, तिच्या सासूनं लावली. ह्यो भिमाजी जगला न्हाई का?"

"जगली ती चोवीस आहेत त्या सुपात. सगळी मरत नाहीत, म्हणून तर कळत नाही."

धोंडाबाईनं सूप उचललं. भात पाखडताना झटकतात तसं एकदाच झटकलं. दळं अंगणाच्या चिखलात पडली, काळी-पांढरी, आणि पाण्याबरोबर वळचणीच्या चरातून वाहत गेली. रिकामं सूप भिंतीला टेकवून ती आत गेली. सरूची मूठ मिटलेलीच होती.

अरुंधतीनं मंडळाला लांब पत्र लिहिलं. पाटलाकडेही गेली.

"दवंडी तुमच्याच कागदावरनं दिली," रखमाजी म्हणाला. "आता उलटी दवंडी देऊ? लोक म्हनतील, पाटलाला खूळ लागलं." खुंटीवरच्या विळ्याला गंज धरला होता.

बयाबाईकडं ती गेली तेव्हा म्हातारी चुलीपुढं बसली होती, चूल थंड. नाचणीची एक भाकरी दोन वेळांना पुरवत होती. अरुंधतीनं सगळं सांगितलं, दोन्ही सुपांचं. बयाबाईनं ऐकून घेतलं.

"राख लावत्यात ते ठावं हुतं मला," ती म्हणाली. "पर त्येनं व्हतं हे मला तरी कुटं ठावं? म्या नाळ तोडून पैल्याच दिशी घरला येते. पाचवीला खण आन तांदूळ घ्यायला जाते. मदल्या दिसांत सासू आसती." मग म्हणाली, "एकशे साठ व्हय? म्या कदी मोजली न्हवती."

"मावशी, सरूला तुम्हीच सोडवा."

"मला बंदी हाय, बाई." हे ती रागानं म्हणाली नाही. पाऊस आहे म्हणावं तसं म्हणाली.

आषाढ सरता सरता, भर दुपारी, सरूला खाचरातच कळा सुरू झाल्या. घरात बसून राहा म्हणून अरुंधतीनं विनवलं होतं, पण शेवटचं खाचर राहिलं होतं आणि रोप पिवळं पडत चाललं होतं. हातातली मूठ तिनं लावून संपवली आणि मग ती बांधावर बसली. भिमाजी लोणावळ्याच्या वाटेला पळाला नर्ससाठी. इंद्रायणीनं रस्ता गिळला होता. तो गेला तो संध्याकाळी एकटाच परतायचा होता.

घरात सरू घोंगडीवर, वर दोरी बांधलेली, ती दोन्ही हातांनी धरून. धोंडाबाई पुढं बसली होती. बराच वेळ गेला. मग धोंडाबाईचा चेहरा बदललेला अरुंधतीला दिसला.

"हात आलाय," ती पुटपुटली. "डोकं न्हाई, हात आलाय पोराचा. आडवं हाय."

सरूच्या तोंडून आवाज येईनासा झाला होता. नुसतं हुं, हुं, गाडं चढणीला ओढणाऱ्या बैलासारखं. धोंडाबाईनं एकदा सुनेकडं बघितलं, एकदा दाराकडं.

"जा," ती अरुंधतीला म्हणाली. "मागल्या दारानं जा. आन तिला आन. कुनी बगू ने."

बघायला कोण होतं? सगळा गाव खाचरात. बयाबाई लगेच उठली. तिनं सवयीनं आढ्याकडं हात नेला. फडकं नव्हतं तिथं. हात तसाच खाली आला.

अरुंधतीनं गंगाधरचा वस्तरा आणि दोरा चुलीवर उकळत ठेवला होता. बयाबाईनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं. "सरू, माझ्याकडं बग. दोरी सोड. श्वास सोड, लेकी, आत धरू नगंस." तिचा डावा हात पोटावर फिरत होता, उजवा आत. डोळे तिनं मिटून घेतले होते. पीठ मळताना गोळ्याची कड चाचपावी तसं ती काहीतरी चाचपत होती. तिच्या मानेची शीर ताठ झाली. पोटावरचा उंचवटा अरुंधतीला सरकताना दिसला, खरोखर दिसला, एका कुशीवरून मधोमध. पाय आधी आले. मग पाठ. मग डोकं अडलं, आणि बयाबाईनं एक बोट बाळाच्या तोंडात घालून हनुवटी छातीशी टेकवली आणि ते सुटलं.

मुलगी. निळी. बयाबाईनं तोंडातला चिकटा काढला, पाठीवर थोपटलं, पुन्हा थोपटलं. आणि ती रडली.

नाळ वस्तऱ्यानं तोडली. उकळलेल्या दोऱ्यानं बांधली. बयाबाईनं हात धुतले. धोंडाबाई मागच्या दारात तिच्यासमोर उभी राहिली. दोघी एका वर्षी या गावात लग्न होऊन आलेल्या.

"बये," धोंडाबाई म्हणाली.

"म्या आलेच न्हवते, धोंडे," बयाबाई म्हणाली, आणि पावसात गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धोंडाबाईनं माळ्यावरून गाडगं काढलं. अरुंधती दारातच बसून होती, तीन दिवस तिथंच होती म्हणा ना. सरूनं मुलीला छातीशी दाबलं. धोंडाबाई गाडगं हातात धरून माजघरात उभी राहिली. केवढा वेळ, कोण जाणे. मग ती तशीच पावसात बाहेर पडली आणि ओढ्यावर गेली. परत आली तेव्हा हात रिकामे होते आणि लुगडं निथळत होतं. चुलीपुढं बसून तिनं पाठ फिरवली.

पाचवी झाली. पाट्यावर सटवाई मांडली, हळदकुंकू वाहिलं. सुईणीचा खण कुणाला द्यायचा हा प्रश्न निघाला नाही, कारण सुईण नव्हतीच.

सहावा. सातवा. अरुंधती दर घटकेला कुडाजवळ कान नेई. मूल चोखतंय का? चोखण्याचा आवाज आला की ती नीरजेकडं जाई, तिच्या नाकाखाली बोट धरी, पुन्हा कुडाकडं. गंगाधर म्हणाला, जरा बस. ती बसली नाही. आठव्या दिवशी सरूनं मुलगी पाजायला घेतली आणि भीतीनं डोळेच मिटले. मुलीनं तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, आणि पकडलं. दूध गिळल्याचा आवाज सगळ्या घरात ऐकू आला.

नवव्या दिवशी शेजारणी आल्या. ओटी भरली. मुलगी या हातातून त्या हातात गेली.

"जगली गं बाई! कुनी सोडीवलं?"

"म्याच," धोंडाबाई म्हणाली.

"बगा म्हंजी. दोन बयाच्या हातची ग्येली, ही बयाविना ऱ्हायली."

"तर काय," धोंडाबाई म्हणाली. आवाज मोठा होता, लागेल त्याहून मोठा. "तिचा हात लागला न्हाई, म्हनून माजं लेकरू वाचलं. मास्तरीणबाईंनी लिवलं तेच खरं."

अरुंधतीनं तोंड उघडलं. धोंडाबाईनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत दटावणी असती तर ती बोलली असती. पण म्हातारी गयावया करत होती. सगळ्यांदेखत, न बोलता, डोळ्यांनी. बयाचा हात वाईट नसेल, तर मग तो दुसरा हात कुणाचा? सरूनं मान खाली घातली होती. तिची उजवी मूठ मिटलेली होती.

अरुंधती बोलली नाही.

आणि ओटीच्या खाली, वळचणीला, गवताचा भारा डोक्यावर घेऊन बयाबाई थबकली होती. पाऊस चुकवायला थांबली असेल. किंवा पोरीचं रडणं ऐकायला. तिनं सगळं ऐकलं. भारा सावरला आणि गेली.

दुसऱ्या सकाळी अरुंधती खण, पायलीभर तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी घेऊन गेली. झोपडीच्या दाराला सुंभाची गाठ मारलेली होती. दारातला हिरडे फोडायचा दगड पावसानं धुऊन निघाला होता.

श्रावणात मंडळाचं पत्र आलं. अहवाल छापून झाला आहे. आपण कळविलेले आकडे पुढील वर्षी विचारात घेऊ. सदर सुईण बंद केल्यापासून आपल्या गावी एकही अर्भक दगावल्याचे दिसत नाही, हे आपल्या परिश्रमांचेच फळ होय. खाली वळणदार सही.

बंदीनंतर गावात जन्मली होती तीन मुलं.

गावात आता राखेची गाडगी कमी झाली आहेत. कसं कोण जाणे, पण सरू विहिरीवर बायकांना काहीतरी सांगते, हळू आवाजात, सासू जवळ नसताना. चावडीच्या खुंटीवर विळा तसाच आहे. अरुंधती जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगणं सांगते, आणि तेच तुम्हालाही आहे.

भिमाजीला बयाबाई एकदा लोणावळ्याला दिसली होती, स्टेशनापलीकडच्या बंगल्यांच्या मागच्या बाजूला, भांडी घासताना. त्यानं हाक मारली तर उठून आत गेली. तुमचं तिकडं जाणं झालं तर मागच्या दारांनी चौकशी करा. साठीची बाई आहे, किडकिडीत, डाव्या करंगळीला नख नाही. नाव विचारलंत तर सांगणार नाही कदाचित. आधी जेवली आहे का ते बघा. पांघरूण आहे का बघा, तिथं थंडी लवकर पडते. आणि मग तिला सांगा, एकशे साठांतली एकशे बेचाळीस जिवंत आहेत, नावांनिशी मोजली आहेत. आणि कुठल्याच कागदावर नाही अशी एक, एकशे त्रेचाळीसावी, आता रांगते. त्या म्हातारीला एकदा बघून या, आणि जिवंत आहे की नाही एवढं आम्हाला कळवा.